मेलेल्या डोळ्यातला दिवस

आंधळा डोळा दुखतो हे लोकांना खरंच वाटत नाही. "दिसत नाय तर दुखतंय कसं?" असं तोंडावर विचारणारी माणसं आहेत आणि त्यांतली निम्मी माझ्या नात्यातली. आधी मी नीट समजावून सांगायचे. पुढे पुढे म्हणायला लागले, तुमचं डोकं चालत नाही तरी दुखतं ना, तसंच हे.

माझा डावा डोळा दोनेक वर्षं दुखला. उजवा आधीच काढून झाला होता आणि त्या जागी प्लॅस्टिकचा बसवला होता. डाव्याने काहीही दिसत नव्हतं, समोर बॅटरी धरली तरी पत्ता लागत नव्हता. डॉक्टर, नवरा, मुलगी, जाऊ, सगळ्यांचं एकच म्हणणं, काढून टाक आणि मोकळी हो. मी मात्र तो डोळा सोडायला तयार नव्हते. मला सगळ्यांनी हट्टी ठरवलं. हट्टी मी आहेच, पण त्या खेपेला कारण वेगळं होतं.

आधी डोळे गेले कसे ते सांगते. जुन्या हायवेला, चौक गावाच्या अलीकडे, एक ढाबा होता. तिथे मी तांदळाच्या भाकऱ्या करायचे. आम्ही तिघीजणी होतो, तीन चुली आणि तीन पराती. गॅसवरच्या भाकरीला चव नसते म्हणून शनिवार-रविवारी येणारी मुंबईची गिऱ्हाइकं चुलीवरचीच मागायची. त्यांना चव मिळायची, धूर आम्हाला. लाकडं ओली असली की विचारूच नका. डोळे लालभडक व्हायचे, पापण्या सुजायच्या आणि खाज अशी की पिठाच्या हातानेच चोळावं.

आमच्यातल्या एकीला कधीतरी डॉक्टरने थेंब लिहून दिले होते. तिचे डोळे दोन दिवसांत स्वच्छ झाले. मग ती बाटली कोनाड्यात मिठाच्या बरणीशेजारी राहायला आली आणि तिघींची झाली. संपली की रिकामी बाटली मेडिकलवाल्याला दाखवायची, तो तसलीच दुसरी काढून द्यायचा. आपल्या हाताने थेंब नीट पडत नाहीत म्हणून आम्ही एकमेकींना घालायचो. जेवणाची गर्दी सुरू व्हायच्या आधी तांदळाच्या गोणीला टेकून एकीने मान मागे टाकायची, दुसरीने वाकून पापणी वर करायची. "हल नको गं, नाकात पडंल," म्हणून हसायचो. थेंब पडला की डोळा थंडगार. घरात सगळ्यांचं करणाऱ्या बाईचं कोणी काही करतंय, असं दिवसातून तेवढंच व्हायचं, त्यामुळे डोळे बरे असले तरी आम्ही थेंब घालून घ्यायचो.

अशी बरीच वर्षं गेली. थेंब तिघींनी घातले आणि डोळे माझे गेले. त्या थेंबांत स्टेरॉइड असतं, काहींच्या डोळ्यांना ते सोसत नाही, आतला दाब वाढत जातो आणि दाब वाढताना काही दुखत नाही, हे सगळं मला नंतर मुंबईच्या मोठ्या इस्पितळात कळलं. काचबिंदू. डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस वाळली होती. लोकांना वाटतं की डोळे जातात म्हणजे अंधार होतो. माझं तसं झालं नाही. बाजूला काळं दिसत नव्हतं, बाजूच नाहीशी झाली होती. तव्याच्या कडेची भाकरी करपायची, रस्ता ओलांडताना टेंपो एकदम अंगावर यायचा आणि मी ड्रायव्हरला शिव्या द्यायचे. तपासायला गेले तेव्हा उजव्यात काही उरलं नव्हतं आणि डाव्यात मधोमध एक भोक तेवढं शिल्लक होतं. ऑपरेशन केलं, थेंब बदलले. तरी तेही भोक हळूहळू बुजत गेलं.

उजवा डोळा दुखायला लागला तेव्हा मी एका शब्दात म्हटलं, काढा. काढला. रडले, पण चार दिवस. डाव्याने तेव्हा थोडंफार दिसायचं. मग डावाही पुरता आंधळा झाला आणि काही काळाने तोही दुखू लागला. आत कोणीतरी अंगठा रुतवून धरलाय असं वाटायचं. जेवताना, बोलताना, भांडताना, कायम.

एका पावसाळ्यात डाव्या बुबुळावर फोड आले आणि फुटले. पापणी मिटली की काच फिरल्यासारखं व्हायचं. कर्जतच्या डॉक्टरांनी डोळ्यावर पट्टी बांधायला सांगितली. आमच्या यांनी माझ्या काळजीपोटी पट्टीवर काळा फडका बांधला आणि मला मधल्या खोलीत आणून बसवलं, कारण ओटीवर वारा लागतो आणि रस्त्यावरून जाणाऱ्या डंपरची धूळ येते. ओटीला पावसाचं प्लॅस्टिक बांधलेलं होतंच, मागचं दारही लोटलेलं. मधल्या खोलीत बल्ब होता, पण आंधळ्या माणसासाठी बल्ब कोण लावतं? मी असलेल्या खोलीतून माणसं बाहेर पडताना बटण बंद करून जायची. टक असा आवाज यायचा. त्याचा मला राग यायचा, पण का येतो हे सांगता यायचं नाही, म्हणून मी दुसऱ्याच कशावरून तरी ओरडायचे.

त्या अंधाऱ्या आठवड्यांत माझी घडी विस्कटली. घास तोंडात असताना झोप यायची, बसल्या बसल्या कलंडायचे. सगळं गाव झोपलं की टक्क जागी. एकदा पहाट झाली म्हणून उठून मी अंघोळ केली, भांडी घासली, चहाचं आधण ठेवलं आणि मुलगी धावत आली, "आई, आता कुठे आपण जेवून निजलो गं!" भूक नको त्या वेळी लागायची, जेवायच्या वेळी अन्न बघवायचं नाही. बघवायचं नाही म्हणजे वास सहन व्हायचा नाही, बोलायची सवय जात नाही. आज बुधवार की गुरुवार यावरून मी यांच्याशी भांडले आणि हरले. जाऊबाई म्हणाल्या, "ह्ये बाहेरचं कायतरी हाय. दाखवून आणा तिला." मला तेही पटायला लागलं होतं. डोळे गेले तेव्हा मी खचले नव्हते. भाकरी थापायला डोळे लागत नाहीत, हाताला कळतं. पण डोकंच जाणार असेल तर मग जगायचं कशावर? त्या दिवसांत मला जीव नकोसा झाला होता. आडपडदा न ठेवता सांगते.

गणपतीच्या सुमारास फोड भरले आणि पट्टी निघाली. घरात पाहुण्यांना जागा हवी म्हणून मला ओटीवर बसवलं आणि प्लॅस्टिक सोडून काढलं. डोळा तसाच आंधळा आणि तसाच दुखरा. पण आठवड्याभरात मी सरळ झाले. रात्री झोप, सकाळी जाग, दुपारी भूक. जाऊबाईंना वाटलं त्यांनी माझ्यावरून उतरून टाकलेल्या नारळाने काम केलं. मला स्वतःलाच काही उमगत नव्हतं.

डोळा काढायचा हे तोपर्यंत ठरत आलं होतं. मुंबईच्या डॉक्टर बाईंनी तपासून झाल्यावर सहज विचारावं तसं विचारलं, "झोप कशी आहे?" मी त्या दिवशी आधीच वैतागलेली. म्हटलं, झोपेचं विचारूच नका, आणि पट्टीपासून ओटीपर्यंतचं सगळं त्यांच्या अंगावर ओतलं. मला वाटलं बाई कंटाळल्या. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "तुमचा हा डोळा बहुतेक अजून उजेड ओळखतो. तुम्हाला दिसत नाही तरीही."

त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. डोळ्याच्या मागे पडदा असतो. आपण जे बघतो त्याचं काम करणाऱ्या पेशी वेगळ्या. पण त्याच पडद्यावर थोड्या मज्जापेशी अशा असतात की त्यांना स्वतःलाच उजेड कळतो. त्या चित्र काढत नाहीत, चेहरा ओळखत नाहीत. उजेड आहे का, किती आहे, किती वेळ आहे, एवढंच त्या मेंदूला कळवतात. त्यावरून अंगातलं घड्याळ लागतं, झोप, भूक, अंगाची ऊब, सगळं. आणि या पेशी चिवट. काचबिंदूच्या दाबाने भोवतालच्या सगळ्या मेल्या तरी यांच्यातल्या काही तग धरून राहतात. भाताच्या रोपांसाठी राब भाजल्यावर सगळी जमीन काळी होते, तरी कुठे कुठे हरळीची मुळी जिवंत राहते, तसं मी मनात धरलं.

"मग मला कळत कसं नाही?" मी विचारलं.

"त्या तुम्हाला सांगत नाहीत. शरीराला सांगतात."

मला आधी आनंद झाला, मग लगेच राग आला. माझ्याच डोळ्यात उजेड येतोय आणि मलाच त्याचा पत्ता नाही. मी विचारलं, असं खात्रीने सांगता येईल का? त्या म्हणाल्या, नाही. उजेडाने लहानमोठी होणारी बाहुली केव्हाच अडकून बसली आहे, तिच्यावरून काही कळायचं नाही, आणि हे मोजायची सोय त्यांच्याकडे नव्हती. तुमच्या सांगण्यावरच विश्वास ठेवायचा, असं त्या म्हणाल्या. डोळे गेल्यापासून माझ्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवला नव्हता. मी तिथे त्या स्टुलावर बसून मोठ्याने रडले. आंधळ्या डोळ्यातूनही पाणी येतं, तेही लोकांना खरं वाटत नाही.

डोळा काढला तर दुखणं जाईल, पण उजेडाचा निरोप आणणारंही कोणी उरणार नाही. ठेवला तर दुखणं राहील. डोळ्यामागे एक इंजेक्शन देतात, त्याने दुखणं मरतं, पण नसही मरू शकते. काय करायचं ते तुम्ही ठरवा, असं म्हणून बाईंनी थेंब लिहून दिले. दुखणं थोडं दबेल म्हणाल्या. मुलीने नाव वाचलं आणि कागद पुन्हा उलटसुलट करून पाहिला. मी विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "आई, हे तेच हाय." कोनाड्यातलं. डोळा आंधळा झाल्यावर त्या औषधाने बिघडायचं काही शिल्लक राहत नाही, म्हणून आता ते खुशाल घालायचं. मी घातले. थंडगार लागले. तसेच.

त्यानंतर घरात भांडणाला विषय दुसरा राहिला नाही. आमचे हे खालापूरकडच्या एका कारखान्यात. सगळी नोकरी यांनी रात्रपाळ्या मागून मागून घेतल्या. यांना डॉक्टर बाईंचं म्हणणं समजलं नाही असं नाही. पण मी कण्हत असायचे आणि ते ऐकायला हे असायचे. आपण कण्हतो ते आपल्याला तितकं ऐकू येत नाही.

"काढून टाक गं आता," हे म्हणायचे. "मी सगळी उमर दिसाचा झोपलो, रातचा जागलो. मेलो काय?"

"तुमी जागे होता तवा सगळा कारखाना जागा होता," मी म्हटलं. "मी कोणासंगं जागू?"

हे उठून बाहेर गेले आणि बराच वेळ नळाखाली सायकल धूत बसले. ती काही मळली नव्हती.

मी रोज ओटीवर बसायचे. सकाळी तोंड पूर्वेला करून, काळा चष्मा न लावता, दुखरी पापणी बोटाने उघडी धरून. माथेरानच्या बाजूने ढग आले की जीव घाबरायचा, आज कमी पडेल की काय असं वाटायचं. येणारेजाणारे विचारायचे, "काय बघतेस गं?" मी म्हणायचे, "तुमचं तोंड." दुखणं वाढत होतं. थेंबांचा जोर ओसरत चालला होता. कधी कधी मी त्या डोळ्याला शिव्या द्यायचे, आणि लगेच भीती वाटायची की आतल्या त्या चारदोन पेशींना ऐकू गेलं तर? मेल्या डोळ्यात कसल्याशा पेशी जिवंत आहेत आणि त्यांच्या भरवशावर आपण जगतोय, हा विचार काही कोणाला सांगण्यासारखा नाही. पण खरं तेच होतं. त्यांना जगवायचं म्हणून मी दुखणं सोसत होते.

शेवटी माझ्या ठरवण्याला काही अर्थ उरला नाही. पुन्हा फोड आले, फुटले, त्यात पू झाला. बुबुळ पातळ होऊन भोक पडलं. ताप चढला. मला अर्धवटच आठवतं, गाडी, पनवेलपर्यंतचे खड्डे, मुलीचा हात. इस्पितळात बाई म्हणाल्या की आता डोळा ठेवता येणार नाही, विष पसरेल. मी म्हटलं, सकाळपर्यंत थांबा. कशाला, ते मला सांगता आलं नाही. एकदा उन्हात बसू द्या, असं म्हणायचं होतं. पण उन्हात बसून मला काय कळणार होतं? ऊन कातडीला लागतं, ते तर डोळे नसले तरी लागतं. मला जे कळतच नव्हतं त्याचा निरोप मी घेणार कसा? तापात मला पेन धरवेना म्हणून सही यांनी केली.

शुद्धीवर आले आणि दुखत नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा डोक्यात कोणी अंगठा रुतवलेला नव्हता. खोटं कशाला बोलू, मला इतकं बरं वाटलं की मी हसले. यांनी माझा हात धरला होता. "मी सही केली," हे म्हणाले. "चुकलो तर नाय ना गं?" यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता, लग्नात नाही, यांची आई गेली तेव्हाही नाही. मी म्हटलं, "नाय ओ. सुटले मी."

घरी आल्यावर थोडे दिवस ठीक गेले. मग झोप सरकायला लागली. आज जरा उशिरा, उद्या आणखी उशिरा, सरकत सरकत ती सकाळवर गेली, मग दुपारवर, मग फिरून रात्रीवर आली, मला वाटलं बसली एकदाची, आणि पुन्हा निसटली. पट्टीच्या वेळी निदान पट्टी सुटायची होती. आता सोडायला काही नाही. बाईंना फोनवर सांगितलं. त्यांनी गोळी दिली आहे, काहींना लागू पडते म्हणाल्या. मी न चुकता घेते. मला अजून लागू पडलेली नाही. फोन वेळ सांगतो, दर वेळी बरोबर सांगतो. साडेअकरा म्हणतो. साडेअकरा वाजले हे मला कळतं, पण माझ्या अंगाला ते पटत नाही. माझ्या आतून दिवस निघून गेलाय आणि तो कुठे राहिला हे विचारायला आत कोणी नाही.

गोळीने झोप बसली असंच घरात सगळ्यांना वाटतं, खरं कोणाला ठाऊक नाही. हे सगळं मी फोनला बोलून लिहिते आहे, घरी कोणी नसताना.

यांनी कारखान्यात अर्ज करून रात्रपाळ्या कायमच्या सोडल्या. आता आयुष्यभराचं उरलेलं एकत्र झोपून घेऊ, असं म्हणाले, आणि लाजले. आता हे रोज रात्री माझ्या शेजारी असतात. अंथरुणाला पाठ टेकली की घोरायला लागतात, इतक्या वर्षांची थकलेली झोप आहे ती. मी शेजारी निपचित पडून असते. कूस बदलत नाही, कण्हायला आता काही दुखत नाही. सकाळी हे उठतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "लागली ना गं झोप?"

"लागली," मी म्हणते.

मग हे गुणगुणत चुलीकडे जातात. माझा डोळा दुखत होता तेवढा काळ यांनी गुणगुणलं नव्हतं. चहा करून कप माझ्या हातात देतात. नेमकी तेव्हाच मला अशी गुंगी येते की कप हातातून सुटेल. मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरते आणि यांना सांगते, आज साखर बेताची पडली हो, छान झालाय.